हॉस्टेलच्या बाथरूमसाठी शॉवर फिल्टर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जून-जुलैत प्रवेश झाले आणि मुलं हॉस्टेलवर पोचली की महिनाभरात हे प्रश्न यायला लागतात. बहुतेकांनी फिल्टर आधीच ऑनलाइन निवडलेला असतो, पाणी मात्र तपासलेलं नसतं. म्हणून आधी पाण्याविषयी आणि मग फिल्टरविषयी, असा क्रम इथे ठेवला आहे. घाई असेल तर प्रश्न २, ४ आणि ६ आधी वाचा.

१. शॉवर फिल्टर नेमकं काय करतो?

चांगला शॉवर फिल्टर दोन कामं नीट करतो. पाण्यातला मोकळा क्लोरीन कमी करतो आणि गाळ, गंज, वाळूचे कण अडवतो. पाण्यात विरघळलेले क्षार तो काढू शकत नाही. बादलीवर पांढरे डाग पडणं, साबणाला फेस न येणं, केस राठ होणं या तक्रारी क्षारांच्या आहेत. नेमक्या याच तक्रारींसाठी सगळ्यात जास्त शॉवर फिल्टर विकत घेतले जातात.

२. आमचं पाणी जड आहे की त्यात नुसता क्लोरीन आहे, हे रूमवरच कसं ओळखायचं?

जड पाणी म्हणजे कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार जास्त असलेलं पाणी. ते ओळखायला साबणाची चाचणी पुरते. अंघोळीच्या साबणाचा वाटाण्याएवढा तुकडा किसून थोड्या कोमट आरओ पाण्यात विरघळवा. पाण्याच्या दोन पारदर्शक बाटल्या घ्या. एकीत अर्धी बाटली आरओचं पाणी आणि दुसरीत तेवढंच नळाचं पाणी भरा. दोन्हींत एकेक चमचा साबणाचं पाणी घालून दहा सेकंद जोरात हलवा. आरओच्या बाटलीत फेसाचा थर टिकेल. नळाच्या बाटलीत फेस लगेच बसला आणि पांढरट, दह्यासारखे कण तरंगले, तर पाणी जड आहे. शाम्पू किंवा हँडवॉश वापरून ही चाचणी करू नका, त्यांना जड पाण्यातही फेस येतो. किटलीच्या तळाशी किंवा हीटर रॉडवर पांढरा, टणक थर बसत असेल तर तीही जड पाण्याचीच खूण.

क्लोरीनसाठी ओटीओ (ऑर्थोटॉलिडीन, क्लोरीन असला की पिवळं होणारं रसायन) थेंबांचं छोटं किट मिळतं, किंवा स्विमिंग पूलसाठी वापरतात त्या पट्ट्या. पाणी शॉवरमधूनच घ्या आणि लगेच तपासा, कारण उघड्यावर ठेवलेल्या पाण्यातला क्लोरीन उडून जातो. ओटीओत रंग जितका गडद पिवळा, तितका क्लोरीन जास्त; पट्टीचा रंग तिच्या डब्यावरच्या तक्त्याशी जुळवा. ओटीओचे थेंब आम्लयुक्त असतात. हाताला लागू देऊ नका आणि तपासलेलं पाणी बेसिनमध्ये ओतून द्या. रंग अजिबात आला नाही, तर क्लोरीन काढणाऱ्या फिल्टरला तुमच्याकडे कामच नाही.

गाळासाठी नळाला पांढरं सुती फडकं बांधून दोन बादल्या पाणी सोडा आणि फडकं उलटून पाहा.

टँकरचं पाणी येत असेल तर दोन-तीन वेगवेगळ्या दिवशी तपासा. आज एका विहिरीचं, उद्या दुसऱ्या बोअरचं असं होतं.

३. जडपणाचा आकडा हवा असेल तर?

इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षाच्या केमिस्ट्रीत, बी.एस्सी.लाही, ईडीटीए टायट्रेशनचं, म्हणजे क्षार पकडणाऱ्या ईडीटीए या रसायनाने जडपणा मोजण्याचं, प्रॅक्टिकल असतं. तेच वापरा, लॅबमध्ये विचारून हॉस्टेलचं पाणी न्या. ५० मिली पाणी, पीएच १० चं अमोनिया बफर आणि एरिओक्रोम ब्लॅक टीचा किंचित अंश घ्या. मग ०.०१ मोलर ईडीटीए घालत जा, वाइनसारखा लाल रंग पूर्ण निळा होईपर्यंत. ईडीटीएचे जितके मिली लागले त्याला २० ने गुणा, की लिटरला किती मिलिग्रॅम जडपणा ते मिळतं. १८ मिली लागले तर ३६०.

लॅब नसेल तर मत्स्यालयाच्या दुकानात थेंब मोजायचं हार्डनेस किट मिळतं, तेही चालतं.

पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस १०५०० मध्ये, जडपणाची स्वीकार्य मर्यादा २०० आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत मुभा आहे. अंघोळीचा त्रास मात्र बऱ्याच जणांना २०० च्या आसपासच जाणवू लागतो. मुंबईला तानसा, वैतरणा, भातसाचं आणि पुणे शहराला खडकवासल्याचं येणारं पाणी पावसाचं साठवलेलं असतं, त्यामुळे ते बऱ्यापैकी मऊ. त्याच पुण्याच्या कडेच्या, बोअर आणि टँकरवर चालणाऱ्या हॉस्टेलमध्ये चित्र अगदी वेगळं असू शकतं. दख्खनच्या काळ्या पाषाणातून झिरपताना पाणी कॅल्शियम आणि मॅग्नेशियम घेऊन येतं. म्हणून शहराच्या नावावरून अंदाज बांधू नका, आपल्या इमारतीची टाकी कशाने भरते ते विचारा.

४. डब्यावर ‘हार्ड वॉटरसाठी’ असं लिहिलेलं आहे. तरी पाणी मऊ का होणार नाही?

हा हिशेब एकदा स्वतः करून बघा.

पाणी मऊ करायचं तर कॅल्शियम आणि मॅग्नेशियम पकडून सोडियम सोडणारं रेझिन लागतं. एक लिटर रेझिन व्यवहारात साधारण ५० ग्रॅम जडपणा पकडतं, मग त्याला मिठाच्या पाण्याने पुन्हा ताजं करावं लागतं. शॉवर फिल्टरच्या अख्ख्या कार्ट्रिजमध्ये जागा असते १०० ते २०० मिलीची. ती सगळी रेझिनने भरली असं धरू या: १०० मिली रेझिन, म्हणजे ५ ग्रॅम क्षमता.

तुमच्या पाण्याचा जडपणा ४०० असेल तर २० लिटरच्या एका बादलीत ८ ग्रॅम जडपणा असतो. म्हणजे ते कार्ट्रिज साडेबारा लिटरनंतर संपलं. पहिली बादलीसुद्धा पुरी होत नाही. मिनिटाला ८ लिटर सोडणाऱ्या शॉवरखाली ते दीड मिनिट टिकतं. प्रत्यक्षात त्यात रेझिनचा एक पातळ थर असतो आणि बाकीची जागा रंगीत गोळ्यांनी भरलेली असते.

काही फिल्टरमध्ये पॉलिफॉस्फेटचे काचेसारखे खडे असतात. त्यांच्यामुळे क्षार शॉवरच्या भोकांवर आणि टाइल्सवर कमी चिकटतात. पण क्षार पाण्यातच राहतात, त्यामुळे साबण आणि केसांच्या बाबतीत काही फरक पडत नाही.

‘वापरल्यापासून केस मऊ झाले’ असं लिहिणारे खोटंच बोलतात असं नाही. क्लोरीन किंवा गाळ जास्त असलेल्या ठिकाणी फरक खरोखर पडतो, आणि फिल्टरसोबत शाम्पूही बदललेला असतो. पण जडपणा त्याने उतरलेला नसतो, हे टायट्रेशनने कधीही पडताळता येतं.

५. विक्रेत्याने टीडीएस मीटर लावून दाखवला. त्यावरून ठरवू का?

नको. टीडीएस मीटर पाण्याची वीज वाहून नेण्याची क्षमता मोजतो आणि त्यावरून एकूण विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देतो. शॉवर फिल्टरने तो आकडा जवळपास हलत नाही. खऱ्या सॉफ्टनरनेही, म्हणजे रेझिनने पाणी मऊ करणाऱ्या यंत्रानेही, फारसा हलत नाही, कारण कॅल्शियम जाऊन त्या जागी सोडियम येतो. क्लोरीन तर या मीटरला दिसतच नाही. क्लोरीनसाठी ओटीओ आणि जडपणासाठी ईडीटीए, या दोनच चाचण्या इथे कामाच्या आहेत.

६. मग जड पाण्याच्या हॉस्टेलमध्ये करायचं काय?

आधी साबण बदला. जड पाण्यात खरा साबण क्षारांशी जुळून न विरघळणारा चिकट थर तयार करतो. तोच अंगावर, केसांत आणि बादलीच्या कडेला बसतो. सिंडेट बार (साबणाऐवजी सौम्य डिटर्जंटची वडी) किंवा बॉडी वॉश यांत तो साबण नसतो, त्यामुळे थर होत नाही. या एका बदलाने कातडी ताणल्यासारखी वाटणं बऱ्याच जणांचं कमी होतं, आणि फिल्टरचा खर्च न करता.

केसांसाठी आठवड्यातून एकदा क्षार काढणारा शाम्पू वापरा. बाटलीमागच्या यादीत डायसोडियम किंवा टेट्रासोडियम ईडीटीए असं नाव शोधा. ते बऱ्याच शाम्पूंत थोड्या प्रमाणात असतं, पण ‘कीलेटिंग’ म्हणून विकल्या जाणाऱ्यांत पुरेसं असतं. दोन-तीन मिनिटं केसांत राहू द्या. रोज वापरू नका, केस कोरडे होतात.

शेवटचं पाणी मऊ घ्या. केस नेहमीच्या पाण्याने धुऊन झाल्यावर एक लिटर आरओच्या पाण्यात एक मोठा चमचा, म्हणजे १५ मिली, पांढरा व्हिनेगर मिसळून केसांवरून ओता. मिनिटभराने थोड्या साध्या आरओ पाण्याने धुवा. डोळे मिटून घ्या. डोक्यावर जखम किंवा पुरळ असेल तर हे टाळा. पाणी वॉटर कूलरमधून भरणार असाल तर बाटलीभरच घ्या, सगळ्यांचं पिण्याचं पाणी तिथलंच असतं. आरओच्या मागच्या नळीतून जे वाया जाणारं पाणी येतं ते चुकूनही घेऊ नका, त्यात क्षार नळाच्या पाण्यापेक्षा जास्त साठलेले असतात.

तुरटीने पाणी मऊ होत नाही. ती गढूळपणा खाली बसवते, बस्स. धुण्याचा सोडा पाणी मऊ करतो, पण तो कपड्यांसाठी. अंगाला आणि केसांना तो फार तीव्र पडतो. उकळल्याने जडपणाचा एक भाग, बायकार्बोनेटचा, खाली बसतो. पण बादलीभर पाणी उकळवणं हॉस्टेलवर कुणाला जमणार?

७. मुलगी हॉस्टेलला गेल्यापासून तिचे केस खूप गळतायत. फिल्टर लावला तर थांबतील का?

तुमची काळजी रास्त आहे. पण गळणं आणि तुटणं यांत फरक करा. जड पाण्याने केस राठ होतात आणि मधेच तुटतात. मुळासकट गळणाऱ्या केसाच्या टोकाला बारीक पांढरा गोंडा असतो. दिवसाला ५० ते १०० केस गळणं सामान्य आहे. त्याहून जास्त केस मुळासकट जात असतील तर कारण सहसा दोन-तीन महिने आधी घडलेलं असतं: ताप, ताण, अपुरी झोप, मेसच्या जेवणात प्रथिनं आणि लोह कमी पडणं. घर सोडल्यावर हे सगळं एकदमच होतं आणि दोष पाण्यावर जातो. फिल्टर घेण्याआधी डॉक्टरांना दाखवा. हिमोग्लोबिन, फेरिटिन आणि थायरॉइड यांच्या तपासण्या करायच्या का, हे ते सांगतील.

इसब असलेल्यांसाठी एक माहिती. इंग्लंडमध्ये इसब असलेल्या ३३६ मुलांवर झालेला अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. घरात खरा सॉफ्टनर बसवूनही, नेहमीच्या उपचारांवर वेगळा फायदा त्यात दिसला नाही. त्यामुळे इसबावर उपाय म्हणून शॉवर फिल्टर घेऊ नका.

८. क्लोरीन खरंच जास्त आहे. मग आत कोणतं माध्यम असलेला घ्यावा?

कॅल्शियम सल्फाइट: मोकळ्या क्लोरीनवर झपाट्याने काम करतं, थंड आणि गरम दोन्ही पाण्यात. हळूहळू झिजतं. हॉस्टेलसाठी आमची पहिली पसंती याला.

केडीएफ-५५: तांबं आणि जस्त यांच्या मिश्रधातूचे दाणे. कोमट पाण्यात चांगलं चालतं आणि बराच काळ टिकतं. पण गाळ आणि लोह असलेल्या पाण्यात दाणे एकमेकांना चिकटून गच्च होतात. त्याच्या आधी गाळणारा थर हवाच.

ॲक्टिव्हेटेड कार्बन: पिण्याच्या फिल्टरमध्ये उत्तम, शॉवरमध्ये दुबळा. त्याला पाण्याशी संपर्काला वेळ लागतो. मिनिटाला ८ लिटर पाणी १०० मिली कार्बनमधून जातं तेव्हा तो वेळ पाऊण सेकंदच असतो. गरम पाण्यात त्याचं काम आणखी मंदावतं. केडीएफ किंवा सल्फाइटच्या जोडीला ठीक, एकटा नको.

व्हिटॅमिन सी: क्लोरीन लगेच मारतं, पण पाण्यात विरघळत असल्यामुळे लवकर संपतं. बादलीवाल्यांसाठी याचा फार स्वस्त वापर प्रश्न १० मध्ये आहे.

९. ‘१५ स्टेज’ आणि ‘२० स्टेज’ यांत कोणता चांगला?

थरांची संख्या बघूच नका. तेवढ्याशा डब्यात वीस थर बसवले तर प्रत्येकाच्या वाट्याला चमचा-दोन चमचेच माल येतो. ‘मिनरल’, ‘टूरमलीन’, ‘एनर्जी’ नावाच्या गोळ्या बहुतेक वेळा जागाच भरतात. क्लोरीन काढणाऱ्या माध्यमाचं वजन किती, क्षमता किती लिटरची आणि सुटं कार्ट्रिज आज मिळतं का, हे विक्रेत्याला विचारा. शॉवर फिल्टरसाठी अमेरिकेचं एनएसएफ/एएनएसआय १७७ हे मानक आहे. ते मोकळा क्लोरीन कमी होतो की नाही एवढंच तपासतं. हे मानक दाखवून कुणी ‘पाणी मऊ होतं’ म्हणत असेल, तर त्या मानकाचा तो अर्थ नाही.

१०. आमच्याकडे शॉवरच नाही, बादली आणि मग आहे. नळाला फिल्टर लावू का?

गाळ असेल तर लावा, क्लोरीनसाठी गरज नाही.

क्लोरीनसाठी बादलीतच उपाय करता येतो. १ मिलिग्रॅम क्लोरीन संपवायला सुमारे २.५ मिलिग्रॅम ॲस्कॉर्बिक ॲसिड, म्हणजे शुद्ध व्हिटॅमिन सी, लागतं. २० लिटरच्या बादलीत लिटरला १ मिलिग्रॅम क्लोरीन असेल तर एकूण २० मिलिग्रॅम, त्याला ५० मिलिग्रॅम पावडर पुरे. दोन बोटांत मावणारी बारीक चिमूट त्याहून जास्तच भरते. घाला, ढवळा, दोन मिनिटं थांबा. साधी पावडर घ्या. चघळायच्या गोळ्यांत साखर आणि रंग असतात.

गाळासाठी नळावर पीपी कॉटनचा (पॉलिप्रॉपिलीनच्या धाग्यांचा), ५ मायक्रॉनचा फिल्टर पुरतो. नळाच्या तोंडाला आटे आहेत का ते आधी बघा. आटे नसतील तर रबरी ॲडॉप्टर येतो, पण नळ पूर्ण सोडला की तो निसटतो. धार मध्यम ठेवा.

११. फिल्टर स्वतः बसवता येतो का?

येतो, अर्ध्या तासाचं काम आहे. आपल्याकडे शॉवरच्या दांडीला साधारणपणे अर्ध्या इंचाचे आटे असतात. लागतं एवढंच: टेफ्लॉन टेप, पाना, जुना टूथब्रश आणि फडकं.

आधी वॉल मिक्सर किंवा कॉक बंद करा. एका हाताने दांडी घट्ट धरून दुसऱ्या हाताने जुना शॉवर डावीकडे फिरवा. दांडी न धरता जोर लावला तर ती भिंतीतल्या एल्बोमधून सैल होते आणि भिंतीच्या आत गळती सुरू होते. बाहेर काहीच दिसत नाही, महिन्याभराने शेजारच्या खोलीच्या भिंतीला ओल येते. हॉस्टेलवरच्या तक्रारींत सगळ्यात महागात पडणारी चूक हीच.

आटे ब्रशने साफ करा. पाणी क्षणभर सोडून दांडीतला गाळ काढून टाका. आट्यांच्या तोंडाकडून बघत घड्याळाच्या काट्याच्या दिशेने टेपचे ८ ते १० वेढे ताणून द्या. उलटे दिले तर फिल्टर चढवताना टेप गोळा होते. फिल्टरवरचा बाण पाण्याच्या दिशेला ठेवा, रबरी वॉशर जागेवर आहे ना ते बघा, हाताने आवळा आणि मग पान्याने पाव फेरा द्या. त्याहून जास्त आवळलं तर प्लॅस्टिकच्या नटला तडा जातो. वॉशर जिथे आहे त्या जोडाला टेप लागत नाही.

पहिली दोन-तीन मिनिटं पाणी बादलीत सोडा. काळं येतं ती कार्बनची भुकटी. ते पाणी फरशीला वापरा.

दांडी प्लॅस्टिकची असेल तर पाण्याने भरलेल्या फिल्टरच्या वजनाने ती वाकते. अशा ठिकाणी हँड शॉवरच्या नळीला जोडायचा छोटा फिल्टर घ्या. जुना शॉवर पिशवीत घालून कपाटात ठेवा, खोली सोडताना तो परत लावून द्यावा लागतो.

१२. फिल्टर लावल्यावर शॉवरची धार अगदी बारीक झाली. फिल्टर खराब आहे का?

बहुधा नाही, दाब कमी आहे. गच्चीवरच्या टाकीतून येणाऱ्या पाण्याला दर १० मीटर उंचीला सुमारे १ बार दाब मिळतो. सगळ्यात वरच्या मजल्यावर टाकीची पातळी शॉवरपेक्षा जेमतेम ३ मीटर वर असते, म्हणजे ०.३ बार. बऱ्याच फिल्टरना एवढा दाब पुरत नाही.

विकत घेण्याआधीच मोजा. शॉवर पूर्ण सोडून १० लिटरची बादली किती वेळात भरते? ७५ सेकंद लागले तर मिनिटाला ८ लिटर, उत्तम. फिल्टरशिवायच दोन मिनिटांहून जास्त लागत असतील तर शॉवर फिल्टरचा विचार सोडा आणि प्रश्न १० मधला मार्ग धरा. तळमजल्यावर हा त्रास सहसा येत नाही.

फिल्टर लावल्यावर हीच वेळ मोजून भिंतीवर लिहून ठेवा. पुढे ती दीडपट झाली की कार्ट्रिज गाळाने भरलं असं समजा.

१३. सोलरचं किंवा गीझरचं पाणी आहे. काही काळजी?

उन्हाळ्यात सोलरचं पाणी ६० अंशांच्या पुढे जातं, आणि फिल्टरवर कमाल तापमान बऱ्याचदा त्याहून कमी लिहिलेलं असतं. फिल्टर मिक्सरच्या पुढेच लावा. आधी थंड नळ सोडा, मग गरम, आणि बंद करताना आधी गरम. लहान इन्स्टंट किंवा गॅस गीझर असेल तर फिल्टरमुळे प्रवाह इतका कमी होऊ शकतो की गीझर पेटतच नाही. गीझरच्या बाहेर जाणाऱ्या पाइपवर थेट फिल्टर किंवा कॉक बसवू नका. काही गीझरचं तोंड मोकळंच राहावं लागतं, तिथे अडथळा आला तर टाकीत दाब वाढतो.

१४. कार्ट्रिज कधी बदलायचं? डब्यावर ‘६ महिने’ लिहिलंय.

महिने विसरा, लिटर मोजा. मिनिटाला ८ लिटर आणि आठ मिनिटांची अंघोळ म्हणजे ६४ लिटर. १०,००० लिटरचं कार्ट्रिज एकट्याला पाच महिने पुरतं. तोच बाथरूम चौघे वापरत असतील तर दिवसाला २५६ लिटर, म्हणजे ३९ दिवस.

खर्चाचा हिशेब याच आकड्यावर करा. समजा कार्ट्रिज ६०० रुपयांचं आहे. चौघांच्या बाथरूमला दहा महिन्यांच्या वर्षात साधारण आठ कार्ट्रिज लागतील, म्हणजे ४,८०० रुपये. घेण्याआधी रूममेट्सशी हे बोलून घ्या. फिल्टर एकाचा आणि वापर चौघांचा असला की दुसऱ्या कार्ट्रिजला वाद होतो. मजल्यावरच्या सामाईक बाथरूममध्ये तर लावूच नका.

क्लोरीनसाठी घेतलेला फिल्टर चालतोय का ते महिन्यातून एकदा ओटीओने बघा. फिल्टरच्या आधी आणि नंतर सारखाच पिवळा रंग आला तर कार्ट्रिज संपलं.

१५. दिवाळीच्या आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत काय करायचं?

फिल्टर काढा, पाणी झटकून टाका, कार्ट्रिज बाहेर काढून सावलीत वाळवा. क्लोरीन काढलेलं पाणी ओलसर कार्ट्रिजमध्ये आठवडाभर साचलं की त्यात जिवाणू वाढतात. परत आल्यावर पाच मिनिटं पाणी वाहू द्या, त्या वेळी तुषार श्वासात जाऊ नयेत म्हणून बाहेर थांबा. कुबट वास राहिला तर कार्ट्रिज टाकून द्या. महिन्याहून मोठ्या सुट्टीनंतर नवीनच घालणं बरं. म्हणून एप्रिलमध्ये नवं कार्ट्रिज विकत घेऊ नका.

१६. पाणी लालसर-पिवळं येतं. फिल्टरने जाईल का?

नळातून येतानाच लाल कण दिसत असतील तर तो जुन्या लोखंडी पाइपचा गंज आहे, आणि पीपी कॉटन तो अडवतो. पाणी नितळ येऊन बादलीत तासाभराने पिवळं पडत असेल तर लोह विरघळलेलं आहे, ते कॉटनमधून आरपार जातं. जांभ्या दगडाच्या भागात, रत्नागिरी-सिंधुदुर्गात आणि गोव्यात, विहिरी-बोअरचं पाणी असं असू शकतं. अनेकदा ते जड नसतं, नुसतं लोहाचं असतं. रात्री बादली भरून ठेवा आणि सकाळी तळ न ढवळता वरचं पाणी घ्या. अशा पाण्यावर केडीएफ लावू नका (प्रश्न ८).

पावसाळ्यात टाकीत टीसीएल (ब्लीचिंग) पावडर जास्त पडली की एक-दोन दिवस उग्र वास येतो. त्यासाठी फिल्टर घेऊ नका, तेवढे दिवस व्हिटॅमिन सीची चिमूट पुरेल.

१७. आम्ही अकोल्याकडे शिकतो, पाणी चक्क खारट लागतं. सॉफ्टनर चालेल?

नाही. पूर्णा खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे अकोला, अमरावती आणि बुलढाण्याच्या काही भागांत, भूजलात साध्या मिठासारखे सोडियमचे क्षार असतात. सॉफ्टनर सोडियम काढत नाही, उलट घालतो. आरओशिवाय ते जात नाहीत, आणि अंघोळीला आरओ परवडत नाही. सिंडेट बार आणि शेवटचं तांब्याभर गोडं पाणी, एवढंच तिथे उपयोगी.

१८. पीजीमध्ये स्वतंत्र बाथरूम आहे. खरा सॉफ्टनर ठेवता येईल का?

येईल. ८ लिटर रेझिनचा, हाताने मीठ घालायचा छोटा सॉफ्टनर मिळतो. क्षमता ४०० ग्रॅम, म्हणजे ४०० जडपणाचं १,००० लिटर पाणी. एकट्याला रोज ५० लिटर धरले तर वीस दिवस. मग सव्वा किलो जाडं मीठ घालून रेझिन ताजं करायचं. उभा ठेवायला जागा आणि चांगला दाब मात्र हवा.

१९. रेक्टर परवानगी देत नाहीत. काय करावं?

अर्ज करा, पण फिल्टरसाठी नको, इमारतीच्या सॉफ्टनरसाठी करा. दोन-तीन तारखांचे जडपणाचे आकडे जोडा (प्रश्न ३) आणि हिशेबही मांडा. २०० विद्यार्थी, प्रत्येकी अंघोळीचं ४० लिटर, म्हणजे रोज ८,००० लिटर. १०० लिटर रेझिनचा सॉफ्टनर ४०० जडपणाचं १२,५०० लिटर पाणी मऊ करतो. म्हणजे दीड दिवसाला एकदा सुमारे १५ किलो मीठ. गीझर आणि सोलरच्या नळ्यांत क्षार बसायचे थांबतात, हा मुद्दा व्यवस्थापनाला सहसा पटतो, कारण दुरुस्तीचा खर्च त्यांचा असतो. मिठाचं वाया जाणारं पाणी बागेत सोडायचं नाही, हेही लिहा.

२०. शॉवर फिल्टरचं पाणी पिता येतं का?

नाही. तो जंतू मारत नाही, उलट त्यांच्यापासून वाचवणारा क्लोरीनच काढून टाकतो.

२१. पुढच्या शिक्षणासाठी परदेशी चाललोय. इथूनच फिल्टर नेऊ का?

आधी तिथलं पाणी बघा. जर्मनीत बऱ्याच ठिकाणी पाणी जड असतं आणि क्लोरीन सहसा घातलेलाच नसतो, त्यामुळे क्लोरीनचा फिल्टर तिथे निरुपयोगी. अमेरिकेत अनेक शहरं क्लोरीनऐवजी क्लोरामिन (क्लोरीन आणि अमोनियाचं संयुग) वापरतात. त्यावर साधा कार्बन आणि केडीएफ कमी पडतात, व्हिटॅमिन सी चालतं. नळपुरवठा करणाऱ्या संस्थेचा वार्षिक अहवाल ऑनलाइन असतो, त्यात जंतुनाशक कोणतं ते लिहिलेलं असतं.

आट्यांची फार चिंता नको. अमेरिकेतल्या आट्यांचा कोन वेगळा असला तरी अर्ध्या इंचाच्या मापात दोन्हीकडे इंचाला १४ आटेच असतात, त्यामुळे रबरी वॉशरचा जोड सहसा बसतो. सुटी कार्ट्रिज मात्र तिथे त्याच मापाची मिळतील असं नाही. म्हणून फिल्टर तिथेच घ्या, आणि बॅगेतली ती जागा दुसऱ्या कशाला ठेवा.